दिव्याची जागा

तिला हळूबाई हे नाव मी ठेवलं. कौतुकानं नाही, चिडून ठेवलं. आमच्या त्वचेच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा आली ती फरशी पुसायला, आणि एवढीशी खोली पुसायला तिला अर्धा तास लागायचा. मी म्हटलं, "आल्या बघा हळूबाई! तुझी फरशी पुसून होईपर्यंत पेशंट म्हातारे व्हायचे." सगळे हसले. तीही हसली. वर्षभरात पेशंट तिला "हळूताई" म्हणायला लागले, कारण तिचा हात हलका. मी मारलेला टोमणा तिला पदवीसारखा चिकटला. अशा बाईवर जळायचं नाही तर काय करायचं?

मी इथे अकरा वर्षं आहे. मला सगळे मोठ्या बाई म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला तेव्हा एक खुर्ची, एक दिवा आणि मी, एवढंच होतं.

आमच्याकडे येतात ते बहुतेक मुरुमांचे खड्डे घेऊन. मुरूम जातात, खड्डे राहतात. पाहुणे जाऊन खरकटी भांडी उरावीत तसे. त्यावर आम्ही सुया वापरतो. पेनासारखं यंत्र, टोकाला बारा बारीक सुया, बटण दाबलं की त्या भराभर आतबाहेर होतात. आधी बधिर करणारं मलम लावून पेशंटला पाऊण तास बसवायचं, मग गालावरून पेन फिरवायचं. उभं, आडवं, तिरकं. कातडीला बारीक भोकं पडतात, आणि ती भरता भरता कातडी आतून नवी भर घालते. खड्डा थोडा वर येतो. थोडा म्हणजे थोडाच. मग महिन्यानं पुन्हा, असं चार-सहा वेळा. काट्यानं काटा काढायचा प्रकार. सुई किती आत जायची ते डॉक्टरीणबाई ठरवतात, पहिली वेळ त्या स्वतः करतात, पुढच्या वेळा आम्ही.

आणि हो, माझ्या स्वतःच्या दोन्ही गालांवर खड्डे आहेत. सोळाव्या वर्षापासूनचे. डॉक्टरीणबाई दरवर्षी म्हणायच्या, "मोठ्या बाई, बसा की एकदा, मी करून देते." मी म्हणायची, "न्हाव्याचे केस वाढलेलेच असायचे, बाई." खरं कारण वेगळं होतं. मी खुर्चीत बसणार म्हणजे कुणीतरी माझ्या तोंडावर दिवा टाकून जवळून बघणार. मी लोकांचे खड्डे बघायचे, माझे कुणी बघायचे नाहीत, असा माझा कायदा होता.

हळूबाईचं आधीचं आयुष्य तिनं मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, कापसाच्या घड्या घालता घालता. चौदा वर्षं ती एका शिलाईच्या कारखान्यात हातानं काजं करायची. कोटाचं काज हातानंच व्हावं, असं तिथल्या मालकाचं मत होतं. मग मालकाचा मुलगा कारभार बघायला लागला आणि त्याचं मत मशीनच्या बाजूनं पडलं. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरी सासरे, त्यांचे दोन्ही हात थरथरतात. रोज सकाळी सासऱ्यांच्या शर्टाची बटणं लावून ती कामावर येते आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा ती बटणं काढते.

एकदा मी मुद्दाम तिच्या घरी गेले, काहीतरी खोट सापडेल या आशेनं. दोन खोल्या. खिडकीत बटणांच्या बरण्या, रंगांप्रमाणे लावलेल्या. खोट सापडेना. सासरे मात्र सापडले. म्हणाले, "तुम्हीच का त्या मोठ्या बाई? आमची सून म्हणते, काम शिकावं तर तुमच्याकडून." मी चहा अर्धा ठेवून उठले. स्वतःचं कौतुक ऐकून इतका राग यापूर्वी मला कधी आला नव्हता.

कारण तिला शिकवलं मीच. फरशीवरून कापसावर, कापसावरून मलमावर मीच आणली. तिनं सुट्टीच्या दिवशी जाऊन या कामाचा रीतसर कोर्सही केला, तेव्हा मला वाटलं, करू दे, मलम लावायलाच उपयोगी पडेल. मग माझा पाय मुरगळला. निदान तिच्या ओल्या फरशीवर घसरले असते तर तिला दोष तरी देता आला असता. मी घसरले माझ्याच घरच्या जिन्यावर. तीन आठवड्यांनी लंगडत परत आले तर माझं पेन तिच्या हातात.

मी दारात उभी राहून बघितलं. तिचा डावा हात पेशंटच्या गालावर होता आणि दोन बोटांत तिनं कातडी अशी ताणून धरली होती की पेन अडखळतच नव्हतं.

"कापड ताणलं नाही तर टाका सरकतो, बाई," ती मला म्हणाली.

"कातडी आहे ती, कापड नव्हे," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून, तिची पाठ वळली की, मीही तसंच ताणायला लागले.

तिचं ते बटणाचं नाटक तर मला बिलकुल सहन होत नसे. सुया सुरू करण्याआधी ती पेशंटच्या मुठीत एक मोठं लाकडी बटण द्यायची आणि शेजारी स्टीलचा ट्रे ठेवायची. "दुखलं, भीती वाटली, काहीही झालं, तर बटण ट्रेमध्ये टाका. आवाज झाला की सुई थांबेल. तुम्ही सांगाल तेव्हाच पुन्हा सुरू." सासऱ्यांना इंजेक्शन देताना तिनं ही युक्ती काढली होती म्हणे. गंमत अशी की बटण कुणी टाकायचंच नाही. थांबवता येतं म्हटल्यावर लोकांना थांबवावंसं वाटत नसावं. माझ्या खुर्चीतले पेशंट मात्र "आई गं, आई गं" करायचे. मी डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली की असली बटणं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणं बरं नाही. दुसऱ्या दिवशी हळूबाईनं सगळी बटणं उकळून, एकेक वेगळ्या पुडीत बंद करून आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा मोठ्या बाई, तुमच्या सूचनेचा किती उपयोग झाला." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

घरी मी रोज हेच सांगायची. आमचे हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "तुझ्या तोंडी तिचं नाव जितक्यांदा येतं तितक्यांदा माझं आलं असतं, तर आपला संसार फार सुखाचा झाला असता." मी त्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

मग खोलीचा विषय निघाला. शेजारचं दुकान बंद झालं आणि ती जागा डॉक्टरीणबाईंनी घेतली. मोठी खिडकी, स्वतंत्र दार, नवी खुर्ची. ती खोली आम्हा दोघींपैकी एकीकडे पूर्ण द्यायची, खोलीतलं सगळं तिच्या हुकमानं चालायचं, असं त्यांनी ठरवलं. दारावर पाटी लागणार होती. अकरा वर्षं मी पडद्यामागे काम केलं होतं. आमच्या दोन खुर्च्यांमध्ये नुसता पडदाच होता. मला ते दार हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं.

"दोघींचा एकेक पेशंट घेते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार वेळा सुया पूर्ण झालेला. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघते आणि शनिवारी सांगते."

फोटोंचं आमच्याकडे एक शास्त्र आहे. एका भिंतीपाशी स्टूल, समोर पायांवर उभा दिवा, आणि दिव्याचे तीन पाय कुठे टेकवायचे त्यासाठी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या तीन खुणा. दिवा नेहमी त्याच खुणांवर. कारण दिवा समोर असेल तर खड्डा आहे तेवढा दिसतो, पण तोच दिवा बाजूला सरकवला की प्रत्येक खड्ड्यात सावली भरते आणि चांगला गालही रस्त्यासारखा उखडलेला दिसतो. या पट्ट्या अकरा वर्षांपूर्वी मीच चिकटवल्या. फोटो काढायचं काम माझंच. हळूबाईला ते सगळं समजावलं तेही मीच.

तिचे पेशंट होते एक ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. चाळिशीचे, बोलके, घाबरट. शिकणाऱ्याच्या बाजूचा त्यांचा गाल जास्त खराब होता. "दिवसभर लोक माझ्या याच गालाशेजारी बसतात हो," ते म्हणायचे. "एक मुलगी गालाकडे बघत बसली आणि फाटकात गाडी घातली. तिला रागावू तरी कसा? फाटकापेक्षा माझ्या गालाला खड्डे जास्त!" हळूबाई हसायची आणि त्यांच्या हातात बटण द्यायची. चार वेळांत त्यांचा गाल इतका सुधारला की मला जवळून बघवेना. माझी पेशंट, कुरिअरच्या ऑफिसातली बाई, बरी झाली होती. बरीच म्हणायची. पण मास्तरांचा गाल वेगळाच होता, आणि ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी नजर त्याच कामात तयार झाली आहे.

शुक्रवारी मास्तर फोटोला आले. डॉक्टरीणबाई बाहेर होत्या, हळूबाई आत सामान उकळत होती. मी त्यांना स्टुलावर बसवलं. दिवा पट्टीवर होता. मी त्याच्या दांड्याला हात घातला आणि तो हातभर बाजूला सरकवला. इतकंच. एका वेळच्या चहालाही याहून जास्त वेळ लागतो.

फोटो काढला आणि संगणकावर आधीच्या फोटोशेजारी उघडला. मास्तर उठून मागे येऊन उभे राहिले. एकदा या फोटोकडे, एकदा त्या फोटोकडे बघितलं.

"म्हणजे काहीच फरक नाही," ते म्हणाले.

मी फोटो फाईलमध्ये टाकला.

"आरशात तर बरा वाटत होता. बायकोही म्हणत होती." मग ते कसंनुसं हसले. "मनाचे खेळ, दुसरं काय. फोटो थोडाच खोटं बोलतो?"

ते गेले. पुढच्या दोन वेळांची बोलणी झालेली होती, त्याही नकोत म्हणून सांगून गेले. हळूबाई बाहेर आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. ती संगणकापाशी उभी राहिली, फोटो बघितला, आणि आत गेली. मला वाटलं, बिचारी, स्वतःच्या हातावरचाच विश्वास उडाला असेल. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. फार बरं वाटलं. मग जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

शनिवारी खोली मला मिळाली. "हात जुना तो जुनाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हळूबाईनं माझं अभिनंदन केलं, माझं सामान उचलून नव्या खोलीत नेऊन दिलं, आणि जाताना खिडकीचा पडदा सारखा करून गेली.

सांगायला हवं, की ती खोली सुंदर होती. सकाळचं ऊन थेट खुर्चीवर यायचं. दाराला पाटी होती. पण लोक दार उघडून आत डोकवायचे आणि विचारायचे, "हळूताई कुठे बसतात?" माझ्याच दारातून मी दिवसातून सहा वेळा लोकांना तिच्याकडे पाठवायची. मास्तरांची फाईल मी पुन्हा उघडली नाही. रस्त्यात पिवळी पाटी लावलेली शिकाऊ गाडी दिसली की मी दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहायची, आणि त्या काचेत मला माझे दोन्ही गाल दिसायचे.

असे दोन महिने गेले. मग दवाखान्यात नवं पेन आलं, जुन्यापेक्षा बारीक सुयांचं. आम्हाला ते एकमेकींवर चालवून हात बसवायचा होता. डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं, "हळूबाईंच्या गालावर काही नाही, त्यामुळे मोठ्या बाई, तुम्ही बसा. त्या करतील. आणि रीतसर फोटो काढा आधी."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कारण सुचेना. अकरा वर्षं जपलेला कायदा एका वाक्यात मोडला.

मी त्या स्टुलावर बसले. पेशंटच्या जागेवरून तो दिवा फार मोठा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. माझी खात्री होती की आता ती दिवा बाजूला सरकवणार. माझे खड्डे विहिरींएवढे दाखवणार, आणि तो फोटो कायमचा माझ्या नावावर राहणार. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. केलंच होतं की.

हळूबाई गुडघ्यांवर बसली. दिव्याचा एक पाय नखभर पट्टीबाहेर गेला होता, तो तिनं आत घेतला. एका पट्टीचा कोपरा उचकटला होता, तो अंगठ्यानं दाबून बसवला. मग उठून फोटो काढला. माझ्या गालांवर जे होतं तेच आलं. कमी नाही, जास्त नाही.

पाऊण तास मलम लावून बसले. मग तिनं मलम पुसलं, माझ्या मुठीत बटण दिलं, ट्रे शेजारी ठेवला आणि तेच सगळं म्हणाली जे सगळ्यांना म्हणते. पेन सुरू झालं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं माझ्या गालावर आली. तीस वर्षांत त्या गालाला आमच्या ह्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. आणि खरंच सांगते, दुखत नव्हतं. नुसती गुणगुण होती. ती कपाळाला आठी घालून, जीभ दातांत धरून काम करत होती, जसा काही माझा गाल म्हणजे कुणा राजाचा कोट.

मी बटण ट्रेमध्ये टाकलं. खणकन आवाज झाला.

पेन तिथल्या तिथे थांबलं. "दुखलं का, बाई?"

"नाही."

"मग?"

"मास्तरांच्या फोटोला दिवा मी सरकवला होता."

तिनं पेन खाली ठेवलं. हातमोजे काढले नाहीत.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या फोटोत नाकाची सावली गालावर पडली होती. समोरच्या दिव्यानं तशी पडत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"आणि तू बोलली नाहीस?"

"राग आला होता. इतका आला होता की त्या दिवशी तुम्ही या खुर्चीत असता तर…" तिनं ते वाक्य सोडलं आणि थोडीशी हसली. "मग मास्तरांना फोन केला. तीनदा केला, तेव्हा आले. दिवा पट्टीवर ठेवून पुन्हा फोटो काढला, त्यांना दाखवला. राहिलेल्या दोन्ही वेळा झाल्या त्यांच्या. गुरुवारी यायचे, तुमच्या सुट्टीच्या दिवशी."

"डॉक्टरीणबाईंना माहीत आहे?"

"फोटो पुन्हा काढला तेवढं सांगितलं. का, ते नाही सांगितलं."

"खोली तुला मिळाली असती."

"हवी होती मला," ती म्हणाली. "नको होती असं समजू नका. सासऱ्यांना सांगून ठेवलं होतं मी, दारावर पाटी लागणार म्हणून. पण आधी मास्तरांचा गाल पुरा करायचा होता. अर्धं काज सोडून मला उठताच येत नाही. दिवा सरकवलेला तो फोटो मी काढून टाकलेला नाही, बाई. फाईलमध्येच आहे. तुम्ही काढलाय, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

तिनं नवी पुडी फोडली आणि दुसरं बटण माझ्या मुठीत दिलं. "उजवा गाल राहिलाय."

तिनं उजवा गाल पूर्ण केला. डाव्याइतकाच मन लावून. मी डोळे मिटून वाट बघत होते की निदान एखादी सुई तरी रागानं लागेल. लागली नाही. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. माझं पाप निस्तरायचं तेसुद्धा तिनंच निस्तरलं होतं, आणि मला कधी जमलं नसतं इतकं नीट.

खुर्चीतून उठले ती तशीच, तोंडाला गार कापूस लावून, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी कागदांवरून मान वर केली आणि माझा लालभडक चेहरा बघून म्हणाल्या, "घाबरू नका, मोठ्या बाई. लाली दोन दिवसांत उतरेल."

"ही नाही उतरायची," मी म्हटलं, आणि दार आतून लावून घेतलं.